बंदुकीचा दुकानदार कसा पारखाल?

दागिन्यांचा सराफ आणि औषधांचा दुकानदार आपण विचार करून निवडतो. पण घरात बंदूक असेल, येणार असेल किंवा घरातून बाहेर काढायची असेल, तर कोणाच्या दुकानाची पायरी चढावी? बंगळूरसारख्या शहरात राहणाऱ्या कुटुंबांनी जाणून घ्यावे असे काही.

सोनार कसा पारखावा, हे आपल्याकडे घराघरात माहीत असते. कोणता वाणी मापात मारतो आणि कोणता गवळी दुधात पाणी घालतो, हेही शेजारणीकडून कळते. पण बंदुकीच्या दुकानाबद्दल शेजारीण काय सांगणार? शंभरातल्या नव्याण्णव घरांना त्या दुकानाची पायरी कधी चढावीच लागत नाही. म्हणून तिथला चांगला दुकानदार कोणता आणि लबाड कोणता, याची चर्चाही होत नाही. आणि ज्या घरावर ती वेळ येते, त्या घरातली माणसे बहुधा अगदी अनभिज्ञ असतात.

वास्तविक या धंद्यात प्रामाणिकपणाला जेवढे मोल आहे, तेवढे फार थोड्या धंद्यांत असेल. वाण्याने मापात मारले तर चार पैशांचे नुकसान होते. बंदुकीच्या दुकानदाराने डोळेझाक केली, तर एखाद्याच्या जिवावर बेतते.

गिऱ्हाईक कोण?

बंगळूर हे छावणीचे शहर. इंग्रजांच्या काळापासून इथे लष्कराचा मोठा तळ आहे. लष्करातून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही कमी नाहीत. शहरात शस्त्रविक्रीची दुकाने मोजकीच आहेत, पण त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचे असते. निवृत्त लष्करी अधिकारी येतात. चिकमगळूर, हासन आणि कोडगू भागातले कॉफीचे मळेवाले येतात. बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहणारा सुरक्षारक्षक येतो. नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील येतात. आणि कधीतरी, कपाटात राहिलेल्या बंदुकीचे काय करावे हे न समजलेली एखादी विधवा स्त्रीही येते.

कोडगूची गोष्ट तर साऱ्या देशात वेगळी आहे. १८६१ मध्ये कमिशनर मार्क कबन यांनी कोडवा लोकांना शस्त्रबंदीतून सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९६३ च्या अधिसूचनेने ती चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. कैल मुहूर्ताच्या सणाला तिथे घरोघर बंदुकीची पूजा होते, जशी आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची होते. पण सूट असली म्हणजे नोंद नाही, असे समजू नये. त्यांनाही सरकारदरबारी सूट-प्रमाणपत्र घ्यावे लागतेच.

आपल्याकडे कोकणात, खानापूर-चंदगडच्या रानाकडेच्या गावांत शेतकऱ्यांकडे पीक राखण्यासाठी ठासणीच्या किंवा एकनळी बंदुका असतात. त्यांचा उपयोग बहुतेक वेळा बार काढून जनावर पळवून लावण्यापुरता. रानडुकराने भात तुडवले म्हणून ते परस्पर मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ‘बंदूक घ्या, रविवारी शिकारीलाही उपयोगी पडेल,’ असे एखादा दुकानदार हसत हसत म्हणाला, तर तो गिऱ्हाइकाला तुरुंगाची वाट दाखवतो आहे असेच समजावे.

आधी परवाना, मग दुकान

पुष्कळांची समजूत असते की आधी बंदूक पसंत करायची आणि मग दुकानदार परवान्याचे ‘बघून घेतो’. हे साफ चूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना आधी लागतो. बंगळूर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. पोलीस चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी सरावाची तरतूद वेगळी आहे. प्रत्येक परवान्याला देशभरच्या संगणकीय नोंदीतला एक क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावाचून जुना कागद दाखवून आता भागत नाही.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. लग्नाच्या वरातीत किंवा उत्सवात हौसेने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

या साऱ्याची माहिती चांगला दुकानदार पहिल्याच भेटीत देतो. तो तुमच्याकडे आधी परवाना मागतो, बंदूक मागाहून दाखवतो. त्यात कोणते शस्त्र लिहिले आहे, मुदत कधी संपते, तो जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता की साऱ्या देशासाठी, काडतुसे एका वेळी किती आणि वर्षाला किती घेता येतात, हे सारे तो चष्मा लावून वाचतो. तुम्हाला हा उशीर वाटेल, कदाचित अपमानही वाटेल. पण तुमच्या परवान्याकडे बारकाईने पाहणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाच्या परवान्याकडेही तसेच पाहणार आहे, आणि तुमचे व तुमच्या शेजाऱ्याचे संरक्षण त्यातच आहे.

पुण्याहून किंवा नाशिकहून बदली होऊन बंगळूरला येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सामानाच्या ट्रकात बंदूक टाकून आणली आणि विसरून गेलो, असे चालत नाही. परवाना कुठवर लागू आहे ते पाहावे लागते आणि पत्ता बदलल्याचे परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवावे लागते. चांगला दुकानदार काडतुसे देण्याआधी हा प्रश्न विचारतोच.

दुकानाचा आरसा: नोंदवही

बंदुकीच्या दुकानात काचेच्या कपाटापेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे नोंदवही. कोणते शस्त्र कुठून आले, त्याचा क्रमांक काय, ते कोणाला, कोणत्या परवान्यावर आणि कोणत्या तारखेला विकले, किती काडतुसे गेली, किती शिल्लक आहेत, हे सारे त्यात असावे लागते. पोलीस आणि दंडाधिकारी हे दप्तर केव्हाही तपासू शकतात. प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असावा लागतो. तो खरवडणे हाच मुळी गुन्हा आहे.

या नोंदवहीची ताकद किती असते, याचे एक जुने उदाहरण आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांचा माल जकातघरातून सोडवून आणताना क्रांतिकारकांनी दहा पेट्या परस्पर वळवल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. पुढे बंगालमधल्या अनेक क्रांतिकृत्यांत ही पिस्तुले वापरली गेली. सापडलेले पिस्तूल रॉडाकडचेच आहे हे सरकारला कसे कळे? कारण कंपनीने आणलेल्या आणि विकलेल्या प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक लिहून ठेवलेला होता. १९१८ पर्यंत त्या ५० पैकी ३१ पिस्तुले सरकारच्या हाती परत आली होती. आपली सहानुभूती देशभक्तांच्या बाजूला असली, तरी दुकानाच्या एका वहीत किती शक्ती असते, हे त्या प्रकरणावरून पटते.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने अपात्र लोकांना वाटले गेल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. काही अधिकारी आणि काही शस्त्रविक्रेते यांचे त्यात संगनमत होते, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. २०२१ च्या जुलै महिन्यात अनेक शस्त्रविक्रेत्यांच्या जागांवर छापे पडले. परवाना ‘मिळवून देणारा’ दुकानदार किती महागात पडू शकतो, हे यावरून समजावे. असा परवाना कागदोपत्री खरा दिसतो, पण चौकशी सुरू झाली की दुकानदाराआधी परवानाधारकाच्या घराची कडी वाजते.

आणि ज्यांची कुठल्याच वहीत नोंद नाही, ती शस्त्रे तर सर्वांत घातक. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली, ती गावठी बनावटीच्या ७.६५ मिलिमीटर पिस्तुलाने. आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवाना शस्त्रांनीच होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसते. म्हणून ‘पावतीशिवाय स्वस्तात देतो’ हे वाक्य ज्या दुकानात ऐकू येईल, तिथून त्याच पावली परत फिरावे.

माल दाखवण्याची रीत

आता प्रत्यक्ष मालाकडे वळू. बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळ परवानाधारकांनाही सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. चांगला दुकानदार अशा गोष्टी न कंटाळता समजावून सांगतो, कारण गिऱ्हाइकाला जितके कळेल तितके अपघात कमी होतील, हे त्याला ठाऊक असते.

बंदूक हातात देण्याची त्याची पद्धत पाहा. तो ती आधी उघडतो, नळी रिकामी आहे हे स्वतः पाहतो, तुम्हाला दाखवतो आणि मगच देतो. देताना नळीचे तोंड कोणाकडेही वळू देत नाही. तुम्ही बंदूक घेऊन गमतीने नेम धरू लागलात, तर तो तुम्हाला ताबडतोब अडवतो. हे सारे सवयीने होत असेल, तर दुकान चांगले आहे असे समजावे. भरलेली बंदूक टेबलावर ठेवणारा किंवा ‘रिकामीच आहे हो’ म्हणून न पाहता हातात देणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याच्याशी व्यवहार करू नये.

जुनी बंदूक घ्यायची असेल तर पारख अधिकच लागते. दुनळी बंदूक मिटल्यावर बिजागरीत खुळखुळते का? नळीतून उजेडाकडे पाहिल्यावर आतली भिंत आरशासारखी दिसते, की गंजाचे खड्डे दिसतात? नळी कुठे चेपली आहे का? दस्त्याला, विशेषतः मनगटासारख्या बारीक भागात, तडा आहे का? या गोष्टी तुम्हाला स्वतःला पाहता येतात. पण काही गोष्टी जाणकारच सांगू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या काही विलायती बंदुकांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असत. त्यांच्यावर सुंदर नक्षी दिसते, त्यांना दमास्कस नळ्या म्हणतात. त्या काळ्या दारूसाठी बनलेल्या, आजच्या जोरदार काडतुसांना त्या दगा देऊ शकतात. तसेच काही जुन्या बंदुकांची काडतूस बसण्याची जागा ६५ मिलिमीटर काडतुसांपुरतीच असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यांत बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा उरत नाही आणि आतला दाब धोकादायक वाढतो. आजोबांच्या बंदुकीत नवे काडतूस घालण्याआधी हे विचारायलाच हवे. इथे प्रामाणिक दुकानदार स्पष्ट सांगतो, ‘ही भिंतीवर शोभेल, हिच्यातून बार काढू नका.’ त्या एका वाक्याने त्याची काडतुसांची विक्री बुडते. पण एखाद्याची बोटे आणि डोळे वाचतात.

काडतुसांच्या बाबतीत मराठी माणसाला एक ओळखीची खूण सापडेल. देशात बनलेल्या बारा बोअरच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला. काडतुसाचे खोके सीलबंद आहे का, कोरड्या जागी ठेवलेले आहे का, काडतुसे फुगलेली किंवा हिरवट डाग पडलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे. आणि चाप ओढल्यावर बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, हे नव्या माणसाला सांगणे दुकानदाराचे कर्तव्यच आहे.

जुन्या मालाचे सोने

या धंद्यात लबाडीला सर्वांत जास्त वाव कुठे आहे? जुन्या विलायती शस्त्रांच्या खरेदीविक्रीत. १९८० नंतरच्या दशकात सरकारने सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद केली. तेव्हापासून देशात आधीच असलेली वेब्ली-स्कॉटसारखी जुनी रिव्हॉल्व्हरे हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या. देशी मालही स्वस्त नाही. स्त्रियांसाठी म्हणून २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने आणलेल्या, सुमारे ५०० ग्रॅम वजनाच्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या घरात होती.

ज्या वस्तूचा बाजारभाव वर्तमानपत्रात छापून येत नाही, तिचा भाव दुकानदार सांगेल तोच. म्हणून जाणत्याला पूर्ण किंमत आणि अजाण माणसाला मातीमोल, असा प्रकार होऊ शकतो. आणि यात सर्वांत अजाण कोण असते? ज्या घरातला कर्ता गेला आहे, ते घर.

कर्ता पुरुष गेल्यावर

समजा, जयनगरमधल्या एखाद्या घरात निवृत्त मेजर वारले. तेरावे झाले, बँकेची आणि पेन्शनची कामे सुरू झाली. महिन्याभराने कपाट आवरताना त्यांच्या पत्नीच्या हाती एक दुनळी बंदूक, एक रिव्हॉल्व्हर आणि परवान्याचे पुस्तक लागले. परवाना नवऱ्याच्या नावाचा. तो माणूसच राहिला नाही, म्हणजे त्या घडीपासून ते शस्त्र घरात ठेवण्याचा कायदेशीर आधारच नाहीसा झाला. बाईंचा काही दोष नाही, पण कायद्याच्या दृष्टीने त्या अडचणीत आहेत. त्यांनी काय करावे?

शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात याचे उत्तर आहे. विनाकारण उशीर न करता ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावे. ठेवीची पावती घ्यावी. पुढे दोन वाटा आहेत. मुलाला किंवा मुलीला बंदूक ठेवायची असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची संमतीही लागते. मात्र त्या मुलाकडे आधीच दोन शस्त्रे असतील, तर वारशानेही तिसरे मिळणार नाही. कोणालाच नको असेल, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीने ते विकता येते.

परवानाधारक हयात असतानाही ही सोय आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे जवळ असले, की परवानाधारक आपल्या हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. ज्या घरात आजोबांची बंदूक आहे, त्यांनी मृत्युपत्राच्या कागदांबरोबर हाही विषय काढावा. तो अशुभ नाही, शहाणपणाचा आहे.

आता दुकानदाराकडे या. लबाड दुकानदार त्या बाईंना काय सांगेल? ‘ताई, फार भानगडीचे प्रकरण आहे. पोलिसांकडे गेलात तर चौकशी लागेल. माझ्याकडे टाकून जा, मी बघतो. हे घ्या थोडे पैसे.’ घाबरलेली बाई सुटलो म्हणून हात जोडते. ज्या रिव्हॉल्व्हरला लाखाची किंमत आली असती, ते काही हजारांत जाते. बाईंच्या हाती पावतीही राहत नाही. म्हणजे उद्या त्या शस्त्राने काही घडले, तर शेवटची नोंद दिवंगत नवऱ्याच्याच नावाची!

प्रामाणिक दुकानदार त्यांना खुर्ची देतो. आधी दोन्ही शस्त्रे रिकामी आहेत की नाहीत ते पाहतो. क्रमांक परवान्याशी ताडून पाहतो. कंपनी, क्रमांक, शस्त्राची अवस्था आणि काडतुसांची संख्या लिहून ठेवीची पावती देतो. महिन्याचे भाडे किती, हे पावतीवरच लिहितो. मग सांगतो, ‘घाई करू नका, पण विसरूही नका. मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही, तर जिल्हाधिकारी नोटीस देऊन ते सरकारजमा करू शकतात. मुलांशी बोला, आणि विकायचे ठरले तर दुसऱ्या एखाद्या दुकानातही भाव विचारून या.’ हे शेवटचे वाक्य जो दुकानदार म्हणू शकतो, त्याच्याकडे डोळे मिटून जावे. खरे म्हणजे डोळे उघडे ठेवून जावे, पण मन निर्धास्त ठेवून.

ठेवलेली वस्तू तशीच परत

निवडणुकांच्या दिवसांत या ठेवीचा आणखी एक प्रसंग येतो. आचारसंहिता लागली की अधिकारी परवानाधारकांची छाननी करतात, आणि ज्यांना आदेश मिळतो त्यांना शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. २०२३ च्या विधानसभा आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी कर्नाटकातल्या परवानाधारकांना याचा अनुभव आला.

ठेवलेल्या शस्त्राची काळजी ही दुकानदाराच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी. त्याचा फायदा विक्रीत असतो, ठेवीत नाही. तरीही पावसाळ्याच्या दमट हवेत तो तुमच्या बंदुकीच्या नळीला तेलाचा हात फिरवतो का? तिचे भाग दुसऱ्या बंदुकीला लावत नाही ना? परत घेताना क्रमांक, नळी, दस्ता आणि चाप हे सारे पावतीशी ताडून पाहावे. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही. उलट तो स्वतःच म्हणतो, ‘एकदा पाहून घ्या.’

‘नको’ म्हणणारा दुकानदार

शहरात चोऱ्या वाढल्या, एकटे राहणे आले, म्हणून पुष्कळ कुटुंबांना वाटते की घरात एक बंदूक असावी. अशा गिऱ्हाइकाला चांगला दुकानदार दोनचार प्रश्न विचारतो. घरात लहान मुले आहेत का? कुलूपबंद लोखंडी कपाट आहे का? काडतुसे वेगळ्या जागी ठेवाल का? घरात कोणाला दारूचे व्यसन किंवा मनाचे आजारपण आहे का? आणि मग तो पुष्कळदा म्हणतो, ‘तुम्हाला बंदुकीपेक्षा चांगल्या कुलपाची आणि जाग्या शेजाऱ्याची गरज आहे.’

हा शेवटचा प्रश्न गृहिणींनी विशेष लक्षात ठेवावा. घरात कोणी खचलेले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर बंदूक त्या दिवशीच घराबाहेर गेली पाहिजे. मनाचा तो काळा क्षण टळला तर माणूस वाचतो, पण हाताशी भरलेली बंदूक असेल तर तो क्षण टळायला अवधीच मिळत नाही. दुकानातली किंवा पोलीस ठाण्यातली ठेव हा यावरचा सोपा आणि कायदेशीर उपाय आहे. त्यासाठी परवानाधारकाने स्वतः जावे, आणि घरच्यांनी त्याच्याबरोबर जावे.

याउलट, मुलीला नेमबाजीची आवड आहे म्हणून आलेल्या आईवडिलांना तोच दुकानदार आनंदाने बसवून घेतो. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे मराठी घरांत हा खेळ आता परका राहिलेला नाही. बंगळूरनेही प्रकाश नंजप्पासारखा ऑलिंपिकपटू दिला आहे. सुरुवात ०.१७७ च्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलने किंवा एअर पिस्तुलाने होते. वीस ज्यूलपेक्षा कमी जोराच्या अशा एअरगनला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणे नव्हे. त्याच्या छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो. म्हणून चांगला दुकानदार महागडी रायफल गळ्यात मारत नाही. आधी एखाद्या क्लबात नाव घाला, प्रशिक्षकाला विचारा, चार महिने क्लबाच्या रायफलीवर सराव करा आणि मग या, असे तो सांगतो. आजची विक्री गेली तरी चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक त्याच्याकडे परत येते, आणि वीस वर्षे टिकते.

दुकानात जाताना एवढे ध्यानात ठेवा

दुकानाचा परवाना समोर लावलेला आहे का ते पाहा. तो तुमचा परवाना मूळ प्रतीत मागतो का आणि शस्त्राचा क्रमांक तुमच्यादेखत त्यावर चढवतो का, हे पाहा. पक्की पावती घ्या. जुना माल असेल तर आधीचा मालक आणि परवानगीचे कागद विचारा. ठेव देताना शस्त्राची अवस्था लिहून घ्या. भाव एकाच दुकानात विचारून ठरवू नका. आणि ‘वरून थोडे दिले की सगळे होते’ असे जो म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

बंदूक ही वस्तू अशी आहे की चांगल्या घरात तिने वर्षानुवर्षे मुकाट्याने कपाटात पडून राहावे, यातच तिचे भाग्य असते. ती तशी मुकी राहावी याची काळजी कायदा घेतो, घरचे लोक घेतात आणि दुकानदारही घेतो. त्यातल्या दुकानदाराला खोटे वागण्याचा मोह सर्वांत जास्त आणि शाबासकी सर्वांत कमी. म्हणून ज्या शहरात नेमकी वही लिहिणारा, नाही म्हणायला न कचरणारा आणि दुःखी घराला न लुबाडणारा असा एखादा दुकानदार असेल, त्याचे नाव चारचौघांत आवर्जून सांगावे. चांगल्या सराफाचे आपण सांगतोच की!